उंची आणि उमज

लेखमाला : वाढती मुलं, जाणती घरं (लेखांक ४)

१८७५ साली कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्याला आला. त्याला सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी वयाची सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. त्याची ती झाली होती. पण अंगकाठी इतकी लहान, की परीक्षा समितीने त्याच्याकडे पाहिलं आणि 'हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही' म्हणून त्याला परत पाठवलं. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे त्यांनी महिला विद्यापीठ उभारलं, १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले आणि १०४ वर्षं जगले.

नजरेने वय मोजण्याची ही चूक आपण आजही घरोघर करतो. मागच्या लेखांकात आपण प्राथमिक शाळेतल्या मुलांविषयी बोललो. आजचा विषय दहा ते चौदा या वर्षांचा, म्हणजे साधारण पाचवी ते नववीचा आहे. या वयात शरीर, बुद्धी आणि मित्रमंडळींतलं वागणं अशा तिन्ही अंगांनी मूल वाढतं. मात्र या तीन वाढी एका चालीने होत नाहीत, आणि घरातली बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आधी शरीर. वाईतल्या कुठल्याही शाळेत सातवीचा वर्ग रांगेत उभा राहिला की दिसतं : कित्येक मुली वर्गातल्या मुलांपेक्षा हातभर उंच, एखाद्या मुलाला मिसरूड फुटलेलं, तर त्याच्याच बाकावरचा मित्र अजून चौथीतला वाटावा असा. हे सगळं निरोगी आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती मुलीच्या बीजकोशांना किंवा मुलाच्या वृषणांना जागं करते आणि तिथून संप्रेरकं रक्तात उतरू लागतात. मुलींमध्ये ही सुरुवात आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात कधीही होऊ शकते. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने, वर्षाला आठेक सेंटिमीटर वाढते. मुलांची तशी वाढ दोन वर्षं उशिरा येते आणि वेग थोडा जास्त असतो.

या वाढीलाही क्रम असतो. आधी तळहात आणि पावलं वाढतात, मग हातपाय, शेवटी धड. म्हणून विजारीआधी चप्पल आखूड होते. हातापायांची नवी लांबी मेंदूच्या अंगवळणी पडेपर्यंत मूल अडखळतं, पेला सांडतं. त्याला वेंधळा म्हणू नका. आवाज फाटला म्हणून चारचौघांत हसू नका.

मुलीला पाळी आली की आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, 'मुलगी शहाणी झाली.' शब्द मायेचा आहे, पण त्यात मोठी गफलत आहे. छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते, आणि पुष्कळ मुली त्या वेळी अकरा-बारा वर्षांच्याच असतात. शरीराने एक टप्पा गाठलेला असतो, एवढंच. पण त्या दिवसापासून तिचं पोहणं थांबतं, खो-खो सुटतो, सायकलवरून एकटीने शाळेत जाणं बंद होतं आणि घरकामाचा वाटा वाढतो. खरं तर हाडं भक्कम होण्याची हीच वर्षं. तिला खेळाची गरज आधीपेक्षा जास्त असते. लोहाचीही असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने आणि मुलानेही घेतलीच पाहिजे. भाकरीबरोबर पालेभाजी, उसळ आणि त्यावर पिळलेलं लिंबू असावं. जेवणावर लगेच चहा नको, कारण त्याने लोह कमी शोषलं जातं.

आता बुद्धी. त्यासाठी वाईकरांना लांब जायला नको. धुळ्याकडच्या पिंपळनेरचा एक मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास वाईला आला आणि नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकू लागला. १९२३ मध्ये त्याने कलकत्त्याची 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवली. हेच लक्ष्मणशास्त्री जोशी, पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक.

या पदवीतला 'तर्क' म्हणजे न्यायशास्त्रात नेमकं काय? समोर नसलेली गोष्ट क्षणभर गृहीत धरायची आणि तिचे परिणाम तपासायचे. डोंगरावर अग्नी नसता, तर तिथे धूरही दिसला नसता, अशा चालीचा हा विचार. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला डोळ्यांपुढच्या वस्तूंविषयी चोख विचार करता येतो; 'समजा' म्हणून मनातल्या मनात पुढे जाणं त्याला जड जातं. ते साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून जमू लागतं, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांवरच्या प्रयोगांतून मांडलं. बीजगणितातला 'क्ष'ही शाळेत याच सुमारास भेटतो. मात्र पुढच्या संशोधनातून हेही दिसलं, की ही शक्ती सगळ्यांत सारखी आणि आपोआप फुलत नाही. तिला शिक्षण आणि सराव लागतो.

'हल्ली उलट बोलतो,' ही आईवडिलांची तक्रार बुद्धीच्या या वाढीशेजारी ठेवून पाहा. मूल नव्याने हाती आलेलं हत्यार परजत असतं. 'तुम्ही मोबाईल बघता, मग मी का नको?' हा उद्धटपणा वाटतो, पण त्यात नियम सर्वांना सारखा असावा हा अमूर्त विचार आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तो त्याला कदाचित असा मांडता आला नसता. शास्त्रार्थाच्या परंपरेत आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो. घरातही तसंच करावं. 'तुझं म्हणणं असं आहे ना?' असं विचारून मगच आपलं उत्तर द्यावं. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल. कारण मात्र सांगावं.

तिसरं अंग सोबतीचं. उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटावर पाण्यात उडी घेणारा तेरा वर्षांचा मुलगा एकटा असेल तर आधी पाण्याचा अंदाज घेईल. काठावर चार मित्र ओरडत असतील तर घेणार नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ साली मोटारीच्या एका संगणकीय खेळात हेच तपासलं : मित्र जवळ असताना किशोरांनी घेतलेली जोखीम वाढली, मोठ्या माणसांत तो फरक दिसला नाही. सुखाची ओढ लावणारा मेंदूतला भाग या वयात जोरात असतो आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. मराठीला हे आधीच उमगलेलं होतं. 'गद्धेपंचविशी' हा शब्द उगाच आलेला नाही.

पण सोबत फक्त धोक्याकडे ओढते असं नाही. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे अध्ययनासाठी वाईला राहिले होते. तेव्हा ते बाविशीचे होते. त्यांनी इथे विद्यार्थी मंडळ काढलं. विद्यार्थी जात्यावर दळण दळत आणि त्याचे पैसे वाचनालयाला देत. एकट्याला कंटाळवाणं वाटेल असं काम दहा-पंधरा जणांनी मिळून आनंदाने केलं. मुलांना मित्रांपासून तोडू नका. त्या टोळीला एखादं खरं काम द्या : पांडवगडाची चढाई, घाटाची स्वच्छता, गणेशोत्सवातला एखादा हिशेब.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना माझी एवढी विनंती आहे : मुलाची उमज त्याच्या उंचीवरून ठरवू नका. लवकर वाढलेल्या मुलीवर बाईपणाचं ओझं टाकू नका. ती अजून लहान आहे. उशिरा वाढणाऱ्या मुलाला 'बारक्या' म्हणून बाजूला सारू नका. त्याची बुद्धी कदाचित पुढे धावत असेल. मुलीला आठच्या आधी किंवा मुलाला नऊच्या आधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा मुलीत तेरा आणि मुलात चौदा उलटूनही काहीच दिसलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. बाकी वेळी मुलांना जवळ बसवा, विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. साताऱ्यातल्या त्या समितीने नुसतं पाहिलं आणि कर्व्यांचं एक वर्ष वाया गेलं.