अर्धवटराव आणि पिंगुळीचा पडदा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात जी पिढी वाढली, तिच्या बालपणीच्या स्मृतींत काही बाहुल्यांना आप्तांच्या बरोबरीने स्थान मिळाले. आळीतल्या ज्या एखाद्या घरी दूरदर्शन संच असे, तेथे दाटीवाटीने बसून पाहिलेले शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई, किंवा पुढे १९९३ साली ‘झपाटलेला’ या चित्रपटातून येऊन मुलांची झोप उडविणारा तात्या विंचू, यांचे नाव निघाले की पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थांच्या मुद्रेवर आजही एक निराळेच तेज येते. या स्मरणरंजनाला पोरकटपणा समजून हिणविणे मला मान्य नाही. लाकूड, कापड आणि दोऱ्या यांच्या निर्जीव जुळणीवर आपण मनापासून विश्वास ठेवला, ही आपल्या बालपणातील अत्यंत प्रामाणिक गोष्टींपैकी एक होती.

अर्धवटराव दूरदर्शनपेक्षा कितीतरी वडील. रामदासांचे तीर्थरूप य. के. पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यांना रंगमंचावर आणले. १९६७ साली रामदासांनी हा वारसा हाती घेतला, आणि ते स्वतः यंत्रशास्त्राचे पदवीधर अभियंते असल्यामुळे बाहुल्याच्या देहातील कळा आणि खटके यांच्याशी त्यांचा परिचय केवळ हौसेपुरता राहिला नाही. परंतु शब्दभ्रमकाराची, म्हणजे स्वतःचे ओठ न हलविता बाहुल्याला बोलते करणाऱ्याची, खरी कसोटी बाहुल्याच्या जबड्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या ओठांवर लागते. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने ओठ मिटल्यावाचून उच्चारता येत नाहीत, हे आपण शाळेत शिकतो. शब्दभ्रमकाराला मात्र ती ओठ किंचित विलग व निश्चल ठेवून, जिभेच्या साहाय्याने, ऐकणाऱ्याला संशय येणार नाही अशा बेताने काढावी लागतात. आपल्या भाषेत ‘बाप’, ‘मामा’, ‘बाबा’ असे शब्द पावलोपावली येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या साधनेचे काठिण्य कळते. उरलेले काम प्रेक्षकांचे डोळे करतात, कारण आवाज कोठून येतो याचा निवाडा करताना मनुष्याचा कान डोळ्याच्या साक्षीला सहज वश होतो, आणि जे तोंड हलताना दिसते त्याच्याच पदरी तो आवाज घालतो. नाट्यगृहातील मागच्या रांगेला ओठांची सूक्ष्म हालचाल दिसत नाही. दूरदर्शनचा कॅमेरा मात्र चेहऱ्याला जाऊन भिडतो. त्या निर्दय सान्निध्यातही आपल्या बालमनाचा भ्रम अभंग राहिला, हा त्या कलावंताच्या परिश्रमाचा केवढा मोठा पुरावा!

हे सारे आठवताना मन साहजिकच कुडाळनजीकच्या पिंगुळीकडे जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील या गावी ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवीत कथा सांगणे), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तीन कला एकाच छपराखाली सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाच्या दरबाराचा त्यांना आश्रय होता. उत्सवप्रसंगी देवळात खेळ करण्याची वहिवाट होती, आणि रामायण-महाभारतातील आख्याने निरक्षर रयतेपर्यंत पोहोचविण्याचे काम या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या केले. संस्थाने विलीन झाली, दरबाराचा आश्रय सरला, आणि पुढे घरोघरी आलेल्या चित्रपेटीने देवळातील प्रेक्षकही ओढून नेला. ज्या दूरदर्शनने आपल्याला बाहुल्यांचे वेड लावले, त्यानेच बाहुल्यांचे हे जुने घर ओस पाडण्यास हातभार लावला, ही गोष्ट मला फार बोचते.

तरी ते घर अद्याप मोडलेले नाही. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या राहत्या जागेतील गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने ते नांदते ठेवले, आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री किताबाने गौरविले. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ एकवार तरी जवळून पाहावा. ताणलेल्या पांढऱ्या पडद्याच्या मागे दिवा असतो. रंगविलेले कातडे पडद्याला टेकलेले असेतो आकृतीची रेघ ठसठशीत उमटते, रंगही झिरपतात, आणि सूत्रधाराने तीच बाहुली पडद्यापासून दिव्याकडे किंचित मागे घेतली की छाया एकदम फुगून अंधुक व विक्राळ होते. दिवा, कातडे आणि पडदा यांच्यामधल्या वीतभर अंतराच्या हिशेबावर राक्षसाचे अक्राळविक्राळ रूप उभे राहते, आणि त्या वेळी लहान मूल आईला बिलगते.

शासकीय महोत्सवांतून अशा मंडळींना बोलावणे जाते खरे, पण तेथे वीस मिनिटांचे प्रात्यक्षिक, एक शाल व एक श्रीफळ यांवर बहुधा बोळवण होते. आख्यान अर्धवट तोडून दाखविणे हा त्या कलेचा अपमान होय. म्हणून गावोगावच्या जत्रांचे आणि गणेशोत्सवांचे जे कारभारी आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ध्वनिक्षेपकावरील वाद्यवृंदाला जी बिदागी आपण खुशीने मोजता, तीच पिंगुळीच्या मंडळींना एका रात्रीसाठी द्या, त्यांना देवळाचा सभामंडप मोकळा करून द्या, आख्यान प्रारंभापासून शेवटापर्यंत होऊ द्या, आणि गावातील मुलांना पडद्याच्या अगदी पुढ्यात बसवा.