पल्ला किती, मजल किती?

परभणी जिल्ह्यात पालम हे तालुक्याचे गाव आहे. गंगाखेडहून लोह्याकडे आणि पुढे नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. दिल्लीजवळही एक पालम आहे. तेथील विमानतळाला १९८६ साली इंदिरा गांधींचे नाव मिळाले; तोवर तो ‘पालम’ म्हणूनच ओळखला जाई. एका पालमला एस. टी. थांबते, तर दुसऱ्या पालमहून विमाने सातासमुद्रापार जातात!

आता पहिल्या पालमसारख्या गावांतली मुलेही परदेशी नोकरीला जातात. मागे राहिलेली आई विचारते, “किती लांब रे ते?” मुलगा किलोमीटर सांगतो. पण आईला हवे असते ते निराळेच. वेळ आलीच, तर तू किती तासांत येशील?

या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध अंगांना आहेत. तेथे जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर उडत जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेण्यात आले. पल्ला १५,३०० किलोमीटर झाला. वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. ही किमया वाऱ्याची! नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पश्चिमेला जाताना विमान त्यांच्याशी झुंजते. पूर्वेला जाताना तेच वारे त्याला पाठीवर घेतात.

आपल्या पूर्वजांना हे ऐकून नवल वाटले नसते. पल्ला मोजायला त्यांच्यापाशी कोस होता. पण प्रवासाचे माप मात्र ‘मजल’. एका दिवसात जेवढी वाट तुडवून मुक्काम गाठता येईल, ती एक मजल. घाट आला की मजलेचे कोस कमी होत, सपाटी लागली की वाढत. कोस जमिनीचा असतो, मजल माणसाची!

पल्ला बदलत नाही, मजल बदलते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेत. आज तोच सुमारे ७,२०० किलोमीटरांचा प्रवास एका झेपेत, नऊ-दहा तासांत होतो.

पण मजल उंबरठ्यापासून मोजावी लागते. पालमच्या घरातून निघून परभणी गाठायची, रात्रभर आगगाडीत बसायचे आणि मग मुंबईच्या रहदारीतून विमानतळावर पोचायचे. तेवढ्या वेळात मुंबईचे विमान लंडनला उतरलेलेही असते! परदेशी गेलेल्या मुलाचे घरी पोचणे लांबते, ते नुसत्या समुद्रामुळे नव्हे; शेवटच्या शेदोनशे कोसांमुळेही.

म्हणून तिकीट काढताना घरापासून घरापर्यंतचे तास मोजावेत, आणि तेवढे आईला सांगावेत. किलोमीटर तिने विचारलेलेच नसतात.