नऊ सिल्व्हर ज्युबिली आणि एक लोंबती नाडी

दादा कोंडके गेले १४ मार्च १९९८ रोजी. तरी नागावात पन्नाशी ओलांडलेल्या कुणापुढेही त्यांचं नाव काढा, समोरचा आधी हसतो, मग बोलतो! इथल्या वाड्यांमधली पोरं रेवसच्या लाँचने मुंबई गाठून गिरणीत लागायची. दादाही त्याच गिरणगावचे. गिरणी कामगाराच्या घरी, नायगावात, ८ ऑगस्ट १९३२ चा जन्म. नाव कृष्णा.

सिनेमाआधी त्यांनी बँडपथकात वाजवलं, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली, सेवा दलाच्या कलापथकात उभे राहिले. मग वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हाती आलं आणि हजारावर प्रयोग झाले. या वगाच्या चाहत्यांत आशा भोसले होत्या. भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस त्यांनीच केली. पहिला सिनेमा ‘तांबडी माती’, १९६९. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

खरा धमाका १९७१ चा. ‘सोंगाड्या’ तयार होता, पण दादरच्या ‘कोहिनूर’ने देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला पसंती दिली. दादांनी बाळासाहेब ठाकरेंना गाठलं, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर जगातला सगळा भोळेपणा! हाऊसफुल्ल!

आणि मग विक्रम. दादांचे नऊ सिनेमे प्रत्येकी सलग २५ आठवडे चालले. गिनीज बुकात नोंद झाली.

माझ्या मते मात्र दादांची माणसांची पारख या विक्रमाहून मोठी. १९७५ चा ‘पांडू हवालदार’ घ्या. दिग्दर्शक स्वतः दादा. त्यात अशोक सराफांना अशी भूमिका दिली की महाराष्ट्राने त्यांना कायमचं आपलं केलं. याच सिनेमाला संगीत देणाऱ्या सुरेंद्र आणि विजय पाटील या जोडीचं ‘राम-लक्ष्मण’ असं बारसं दादांनीच केलं. राम लवकर गेले. लक्ष्मण यांनी जोडीचं नाव सोडलं नाही आणि पुढे त्याच नावाने ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ला संगीत दिलं. सलमान खानच्या गाण्यांवर नाचलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

दादांच्या द्व्यर्थी संवादांवर नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण कष्टकरी माणूस तिकीट काढून पोट धरून हसायचा आणि दादांनी सिनेमा केला तो त्याच्यासाठीच. त्या माणसाला पडद्यावर जिंकताना दाखवणारा असा नट पुन्हा झाला नाही.

नागावला सुट्टीत याल तेव्हा एखाद्या संध्याकाळी घरातल्या आजी-आजोबांना सोबत घेऊन ‘सोंगाड्या’ लावा. त्यांनी तो पहिल्यांदा कुठल्या थिएटरात पाहिला, हेही विचारा.