व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवायची, तर रेकॉर्डर कोणता?

मंडळी, आज बऱ्याच जणांच्या पिशवीत एखाददुसरी कॅसेट दिसते आहे. कुणाचं लग्न असेल, कुणाची मुंज, कुणाचं बारसं. सध्या ती पिशवीतच राहू द्या, आधी यंत्राचं बोलू.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि डीव्हीडी रेकॉर्डरही आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो. जुनी वस्तू घेताना माणूस किंमत बघतो, रिमोट आहे का बघतो. आम्ही म्हणतो, एकच गोष्ट आधी बघा: डळमळता सिग्नल हे यंत्र सांभाळतं का?

म्हणजे काय, ते सांगतो. टीव्हीवरचं चित्र आडव्या रेघांचं बनतं, आपल्या पाल पद्धतीत ६२५ रेघा. फीत जुनी झाली, ताणली गेली, की प्रत्येक रेघ थोडी लवकर किंवा उशिरा येते. जुना डबा टीव्ही ते निभावून न्यायचा. रेकॉर्डरला मात्र शिस्त लागते. रेघ वेळेवर आली नाही की चित्राचा वरचा भाग वाकडा होतो, फ्रेम गळतात. कधी तर यंत्र त्या बिघाडालाच कॉपीबंदीची खूण समजतं आणि रेकॉर्डिंग थांबवतं. घरचीच मुंज, आणि यंत्र म्हणतं परवानगी नाही! काही रेकॉर्डरमध्ये रेघा सावरणारी सोय आतच असते. पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१० त्यासाठीच अजून शोधला जातो. व्हीसीआर आणि दुसरा रेकॉर्डर यांच्यामध्ये तो जोडतात, नुसतं चित्र सावरायला. म्हणून विकत घेण्याआधी आपलीच एखादी बिनमहत्त्वाची, खराब कॅसेट नेऊन लावून बघा. दुकानदाराच्या चांगल्या कॅसेटवर सगळीच यंत्रं चांगली दिसतात.

दुसरं, किती तास कोंबायचे? ४.७ जीबीच्या डिस्कवर एक, दोन, चार, सहा तासांचे पर्याय असतात. आम्ही एकदा हावरटपणा केला. सहा तास लावून दोन लग्नं एकाच डिस्कवर घेतली. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या, आणि नवरानवरीच्या चेहऱ्यांचे चौकोन झाले! कारण साधं आहे. जुन्या फितीवरची मुंगीसारखी खरखर रेकॉर्डरला बारीक तपशील वाटते, आणि त्यातच जागा संपते. परत मूळ कॅसेट काढली, तर मधल्या दोन पावसाळ्यांत बुरशी धरलेली. ते लग्न आता तसंच, चौकोनी, आमच्याकडे आहे. तेव्हा दोन तासांचाच पर्याय घ्या. तीन तासांची ई-१८० कॅसेट असेल तर दोन डिस्क लागू द्या.

हार्डडिस्क असलेला रेकॉर्डर मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यावेत. आधी आत उतरवायचं, निळा पडदा आणि कोरा भाग कापायचा, मग डिस्क. फीत एकदाच फिरते, हा खरा फायदा. व्हीसीआर आणि डीव्हीडी एकाच डब्यात असलेलं यंत्र सोयीचं दिसतं, पण एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला. आम्हाला वेगवेगळीच बरी वाटतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल, तर ती ५२५ रेघांची, एनटीएससी. आपला व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवेलही, पण त्यातून निघणारा मिश्र सिग्नल बरेच रेकॉर्डर घेत नाहीत. दोन्ही यंत्रं एनटीएससी चालवतात ना, हे आधी विचारा.

आणि डिस्क झाली की फायनलाइज करायला विसरू नका, नाहीतर ती दुसऱ्या प्लेयरवर बहुधा चालणार नाही. तिची एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवा, कॅसेटही टाकू नका.

आता काढा त्या कॅसेट. उजेडात धरून खिडकीतून फीत बघा. कडेला पांढरं दिसत असेल तर ती कोणत्याही यंत्रात घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. तशा कॅसेट या टेबलावर वेगळ्या ठेवा, त्यांची सफाई चहानंतर बघू.