स्मृतिदोषाची सूचना आणि लिनक्स कर्नल

पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 मध्ये उभारलेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर एकेक आकडेमोड दीर्घकाळ चालते, स्मृतीतील एक बिघडलेला बिट ते सर्व श्रम वाया घालवू शकतो. ईसीसी पद्धतीची स्मृती एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते. दोन बिटांची चूक मात्र केवळ ओळखता येते. तेव्हा प्रोसेसर ‘मशीन चेक’द्वारे कर्नलला सूचना देतो. पूर्वी अशा वेळी सहसा संपूर्ण यंत्रणाच थांबविली जाई. 2009 मधील लिनक्स 2.6.32 पासून कर्नल शक्य तेथे केवळ दूषित पृष्ठ वापरातून काढून टाकतो. त्या पृष्ठाची निर्दोष प्रत डिस्कवर असल्यास ती पुन्हा वाचता येते; नसल्यास ते पृष्ठ वापरणाऱ्या प्रक्रियेस ‘सिगबस’ संकेत मिळून ती बहुधा संपते. चुकीचे उत्तर हाती येण्यापेक्षा हे बरे. दोष कर्नलच्या स्वतःच्या पृष्ठात असेल तर मात्र बहुधा यंत्रणा थांबविण्यावाचून गत्यंतर नसते.