झिल्लीत जन्मलेले बाळ

नवजात बाळाच्या पाठीखालचे निळसर डाग, नाकावरचे पांढरे दाणे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर उठणारे तांबडे फोड यांची चिंता करू नये. ते काळाने जातात. क्वचित मात्र असे मूल जन्मते की सुईणीचेही हात थबकावेत. सर्वांगावर तेलकट कागद ताणून बसवावा तशी चकचकीत झिल्ली, पापण्या व ओठ बाहेर वळलेले. डॉक्टर यास ‘कोलोडियन बेबी’ म्हणतात.

याहून उग्र प्रकार हार्लेक्विन इक्थिओसिस. त्यात त्वचा चिलखतासारखी जाड असते व तिला खोल भेगा पडतात. नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात जून २०१६ मध्ये अशी एक मुलगी जन्मली आणि दोनच दिवसांत गेली. वृत्तपत्रांनी तिला भारतातील पहिली ठरविले. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र आपल्या देशातील अशी बालके त्यापूर्वीच नोंदलेली होती. अमेरिकेतील चार्ल्सटनचे पाद्री ऑलिव्हर हार्ट यांनी तर १७५० साली असे बालक पाहून दैनंदिनीत त्याचे वर्णन लिहिले. कारण कळण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्वचेत स्निग्ध द्रव्य पोचविणारे एक जनुक यात सदोष असते.

हा दोष आई आणि बाप या दोघांकडून येतो. दोघेही स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक गरोदरपणी चारात एक असा धोका असतो. ग्रहणाचा किंवा डोहाळ्यांचा येथे काडीचाही संबंध नाही. तरी बोल लागतो तो सुनेलाच! मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे आहे, कर्नाटकातही आहे. अशा जवळच्या नात्यात हा धोका वाढतो, हे मात्र खरे.

काळी नदीच्या अरण्यातील जोयडा तालुक्यात वाडीपासून मोठे रुग्णालय दूर. कारवार, हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते. तोवरची काळजी घरच्यांच्याच हाती. झिल्ली ओढून काढू नये. डाळीचे पीठ, हळद लावून चोळू नये. शेगडी व धुरी तर कटाक्षाने टाळावी, कारण अशा त्वचेतून अंगातील पाणी झपाट्याने उडून जाते आणि जंतूंनाही वाट मिळते. स्वच्छ हातांनी हलके व्हॅसलीन लावून, मऊ कापडात गुंडाळून बाळास आईच्या उबेत ठेवावे. ओढता येत नसेल तर दूध काढून चमच्याने पाजावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात दमट हवेच्या पेटीत ठेवल्यावर दोन ते चार आठवड्यांत झिल्ली गळते. बहुतेकांची त्वचा पुढे कोरडी, खवलेदार राहते. दहात एखादे जवळजवळ निर्दोष होते.

मूल वाचण्याची आशा नसली, तरी त्याच्या रक्ताचा नमुना जनुकतपासणीसाठी राखून ठेवण्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. नेमका दोष कळला, तर पुढच्या खेपेस अकराव्या-बाराव्या आठवड्यातच वारेचा अंश तपासून निदान करता येते.