केमोचा डोस कमी केला म्हणजे हात टेकले?

केमोच्या आदल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो. पांढऱ्या पेशींचा काऊंट घसरलेला असतो. डॉक्टर म्हणतात, "या वेळी डोस थोडा कमी करू." वडिलांसमोर मुलगा गप्प राहतो, पण बाहेर येऊन बहिणीला फोन लावतो, "ताई, डॉक्टरांनी आशा सोडली वाटतं." स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी झुंजणाऱ्या घरांतला हा समज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो चुकीचा आहे.

'पूर्ण डोस' मुळात ठरतो उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या क्षेत्रफळावर. १६५ सेंमी उंची आणि ६० किलो वजन असेल, तर ते साधारण १.६६ चौरस मीटर भरतं. वजन ५२ वर आलं की १.५४. आकडा तिथेच बदलला. शिवाय यकृत औषध किती वेगाने निकामी करतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते या हिशेबात येतच नाही.

फोल्फिरिनॉक्सचंच घ्या. २०११ साली फ्रान्समधल्या ३४२ रुग्णांच्या चाचणीत, आजार पसरलेला असताना, या चार औषधांच्या मिश्रणाने मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवर नेलं; एकट्या जेमसिटाबिन या औषधावर ते ६.८ होतं. पण सुमारे ४६ टक्के रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या, आणि हे सगळे पंचाहत्तरीच्या आतले, चालतेफिरते लोक होते. पुढे ऑपरेशननंतरच्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी हेच मिश्रण सौम्य केलं: त्यातल्या ५-एफयू या औषधाचा एकदम द्यायचा भाग वगळला, आणि चाचणी चालू असतानाच इरिनोटेकन चौरस मीटरला १८० वरून १५० मिलिग्रॅमवर आणलं. २०१८ सालचा निकाल होता ५४.४ महिने, जेमसिटाबिनवर ३५. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. तरी सौम्य केलेलं औषधही जेमसिटाबिनच्या पुढे गेलं, एवढं यात दिसतं.

मध्यक ११ महिने म्हणजे "डॉक्टरांनी अकरा महिने दिले" असं नव्हे. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. तुमचा माणूस कुठल्या निम्म्यात, हे तो आकडा सांगत नाही.

ऑपरेशननंतरच्या आणखी एका मोठ्या युरोपीय चाचणीत, केमो घाईने सुरू करण्यापेक्षा सहाही सायकल पूर्ण होणं महत्त्वाचं ठरलं; जखम भरेपर्यंत बारा आठवडे थांबलेल्यांचंही नुकसान दिसलं नाही. म्हणून अंगाला झेपेल असा डोस ठरवणं हा उपचाराचाच भाग आहे. मात्र तो डॉक्टरांनी ठरवायचा. घरी आपल्या मनाने गोळ्या कमी करणं वेगळं.

डोस कमी होईल या भीतीने त्रास लपवणं तर फारच घातक. याच मिश्रणातल्या ऑक्सॅलिप्लॅटिननंतर नळाचं गार पाणी बोटांना सुईसारखं टोचतं. काही सायकलींनंतर सदऱ्याचं बटण लावता येईनासं होतं. हे पुढच्या भेटीत आपणहून सांगा. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तर भेटीची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.